उद्धटपणा शिल्लक

आमच्या मनोरुग्णालयात कोणाला घरी सोडायचं हे दर गुरुवारच्या बैठकीत ठरायचं. मी तेव्हा नवी डॉक्टर, टेबलाच्या टोकाला बसायचे. मधल्या खुर्चीत आमचे मोठे साहेब. ते नुकतेच बाहेरगावाहून बदलून आलेले, आणि बरं होण्याची त्यांची व्याख्या एकच होती: पेशंट नम्र झाला पाहिजे. हात जोडून ‘होय साहेब’ म्हणाला की सुटला. या न्यायाने अर्ध्या पुण्याला आत घ्यावं लागलं असतं, पण एवढ्या खाटा आमच्याकडे नव्हत्या.

एका गुरुवारी पेठेतल्या एक शिक्षिका बैठकीसमोर आल्या. दाखल झाल्या तेव्हा त्या कोणी काहीही म्हणालं तरी ‘हो, चालेल’ म्हणायच्या आणि भिंतीकडे बघत बसायच्या. औषधांनी माणसांत आल्या होत्या. मुलीची दहावी तोंडावर आली होती, त्याआधी त्यांना घरी जायचं होतं. साहेबांनी विचारलं, घरी कशाला जायचंय?

“आपण संध्याकाळी कशाला जाता?”

मला हसू आवरेना. साहेबांनी मात्र ‘उद्धटपणा शिल्लक’ असा शेरा मारला आणि गोळी वाढवली. बाईंचा नवरा, बँकेतला गरीब स्वभावाचा कारकून, विनवत राहिला की ही पहिल्यापासून अशीच बोलते. साहेबांना वाटलं, यालाही तपासायला हवं. एवढं शिकून माणूस इतका मठ्ठ कसा राहतो, याची मला आजही चीड येते.

बाई हुशार. पुढच्या गुरुवारी त्यांनी मान खाली घालून हात जोडले. घरी जायचंय का? “आपण म्हणाल तसं.” साहेब खूश. आपल्या उपचारांवर आम्हाला चार शब्द ऐकवून त्यांनी सही ठोकली.

शेजारी बसलेल्या नवऱ्याचा चेहरा मात्र उतरला. व्हरांड्यात त्याने मला गाठलं. “डॉक्टर, हिला आज नका सोडू. अशी गोड बोलायला लागली, तेव्हाच तर मी हिला इथे आणली.”

मी काही बोलायच्या आत बाई पिशवी घेऊन मागून आल्या.

“अहो, तुम्हाला राहायचं असेल तर खुशाल राहा. पोरीची परीक्षा आहे, मी निघाले.”

त्याने डोळे पुसले आणि धावत जाऊन रिक्षा थांबवली.