सुईमागची पांढरी चिंधी

माझ्या मावशीला सुईत दोरा ओवता येत नाही, हे आता सगळ्या गावाला ठाऊक झालंय. तशी फिल्मच आहे, अकरा मिनिटांची, भिंतभर. रोज सकाळी दहाला ती चालू करायचं काम माझं होतं, म्हणून दुसऱ्यावर ओरडण्याआधी मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

चपलांच्या दुकानावर दोन खोल्यांची गॅलरी आहे, तिथं मी कामाला. खिळे ठोकणं, वायरी ओढणं, प्रोजेक्टर लावणं, पाहुण्यांना पाणी देणं, सगळं माझ्याकडे. मालक मला खिळ्या म्हणतात. म्हणोत बापडे.

मावशी शिवणकाम करते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. वय एकाहत्तर, जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मापात काहीतरी गडबड झालीय हो." मावशी म्हणाली, "बाई, कंबर दोन इंच वाढलीय, माझा टेप नाही आटलेला." कॉलर केसभर वाकडी गेली तर पूर्ण उसवून पुन्हा बसवणार, मग जेवण राहिलं तरी बेहत्तर. शेजारच्या शाळेचे गणवेश सव्वीस वर्षं तिच्याकडे. रस्त्यानं मुलं चालली की ती खिडकीतून शिवण बघायची, मुलं नाही.

वर्षभरापूर्वी एक कलाकार बाई गॅलरीत आल्या. त्यांना "श्रम करणारे हात" हवे होते. मला मेल्याला काय दुर्बुद्धी सुचली! म्हटलं, आमच्या मावशीचे बघा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कॅमेरा लागला. बाई म्हणाल्या, "पांढरं फार चमकतंय, काढा ते." ते म्हणजे मशीनवर सुईच्या मागे चिकटवलेली पांढरी चिंधी. शिवणाऱ्या कुणालाही विचारा, मागे पांढरं असलं की सुईचं भोक दिसतं. मला शेंबडा होतो तेव्हापासून माहीत आहे. तरी मी ती चिंधी सोलून काढली आणि बाईंनी दिलेलं काळं कापड मशीनवर पसरलं. दोरा गडद निळा, गणवेशाचा. आता काळ्यावर निळा ओवून दाखवा कुणीतरी!

मावशीनं विचारलं, "अरे, चिंधी कुठंय?" बाईंनी हातानं खूण केली, बोलू नका, करत राहा. एरवी मावशीनं त्यांना जिन्यापर्यंत पळवलं असतं. पण पाहुणी मी आणलेली, म्हणून ती गप्प बसली. अकरा मिनिटं दोरा चाटत, पिळत, डोळे बारीक करत बसली. मग म्हणाली, "खड्ड्यात गेला तुमचा कॅमेरा." कमरेचा पांढरा रुमाल काढून सुईमागे धरला आणि एका फटक्यात दोरा आरपार. वर कॅमेऱ्याकडे बघून खो खो हसली. "घ्या, बाईसाहेब!"

तेही सगळं कॅमेऱ्यात आलं होतं. मी स्वतः पाहिलं.

यंदा प्रदर्शन लागलं. भिंतीवर फिल्म, समोर मावशीचं जुनं मशीन, छतापासून लोंबणारे शेकडो दोरे, अर्धवट शिवलेल्या बाह्या, आणि दाराशी पाटी: 'विसरत चाललेले हात'. दोरा सुईच्या बाजूनं निसटतो आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून. रुमाल नाही, हसू नाही.

मी म्हटलं, "बाई, पुढचं राहिलं."

त्या गोड आवाजात म्हणाल्या, "दोरा ओवला गेला की फिल्म संपते. ती संपूच नये, असं मला हवंय."

"अहो, पण तिला येतं ना ओवता!"

"हे फक्त तुमच्या मावशींबद्दल नाहीये."

मग भिंतीवर कोणाची मावशी आहे? तळपायाची आग मस्तकात गेली. पण मालक शेजारी उभे होते, आणि मी मूग गिळून गप्प बसलो. मावशी म्हणायची, "गणवेशांची घाई सरली की येते बघायला." मी म्हणायचो, "सावकाश ये."

आठव्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. फिल्म दोनदा बघितली, "अरेरे" म्हणाल्या, डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई मावशीच्या दारात. कापडाचे गठ्ठे परत न्यायला आलेला. "मोठ्या बाई म्हणाल्या, आता तुम्हाला त्रास नको." पाठोपाठ दोन जुनी गिऱ्हाइकं आपापलं कापड घेऊन गेली, तीही हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तशी. भांडली असती तर मावशीनं निस्तरलं असतं. दयेला काय उत्तर देणार?

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. चिंधीचंसुद्धा. तिनं मला एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. मग म्हणाली, "मोठ्या बाईंना गॅलरीत बोलव. मीही येते."

शनिवारी चारला गॅलरी भरलेली होती. मावशीनं उभ्यानं स्वतःची पूर्ण फिल्म बघितली. मग लोंबणारे दोरे हातानं बाजूला करत मशीनवर जाऊन बसली, सुईमागे रुमाल धरला, चष्मा न लावता दोरा ओवला. उपसला, पुन्हा ओवला. तिसऱ्यांदा ओवला, आणि मोठ्या बाईंकडे बघितलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रांगतं पोर पहिलं पाऊल टाकतं तेव्हा वाजवतात तशा. कुणी फोटो काढले. कलाकार बाईंचे डोळे भरून आले. "काय सुंदर झालं हे! रोज चारला कराल का, मावशी? प्रदर्शनातलंच वाटतं अगदी."

मोठ्या बाई पुढं आल्या, मावशीचा हात हातात घेतला. "या वयात अजून जमतं हो तुम्हाला! कौतुक आहे. गणवेश मात्र दिले मी दुसरीकडे. तुम्ही आता आराम करा."

मावशी म्हणाली, "सव्वीस वर्षं तुमची पोरं माझ्या शिवणीत वाढली. तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, आणि मला हवीही नव्हती. आज सुईत दोरा ओवला तर वाजवता?"

मोठ्या बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. बाकीचे मावशीकडे कौतुकानं हसून बघत राहिले, हेही खेळातलंच समजून. मग एकेक जण भिंतीकडे वळला, कारण फिल्म पुन्हा पहिल्यापासून लागली होती.

मी प्रोजेक्टरचा प्लग उपटला. मालक ओरडले, "खिळ्या, उद्यापासून येऊ नकोस!" मी म्हटलं, "येतोय कोण!" मशीन खांद्यावर घेतलं, आणि माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, मावशी पाठीवर हात ठेवेल.

जिना उतरताना ती म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी करायचं होतंस."