सात पाणी काढलेलं बी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांना तर नाहीच. तुला का सांगतेय? — माझं मलाही कळत नाही. पण ऐक.

धुळ्याचे ते दिवस आठवले की आजही जीव हरखतो. नव्वदच्या आसपासचा काळ. मी सावद्याची, केळीच्या बागांत वाढलेली, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदरांशी झुंजत होते. मेंदूतलं डोपामिन आटलं की माणसाला कंपवात होतो, आणि खाजकुहिलीच्या बियांत ती तूट भरणारं द्रव्य असतं — तेच तपासायचं होतं. औषध टोचून उंदीर ताठ करायचा, त्याचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवायचे आणि स्टॉपवॉच घेऊन बसायचं. बियांचा अर्क दिलेला उंदीर झटकन पाय खाली घ्यायचा. मग दुपारी पिंजऱ्यांच्या त्या वासातच कळण्याची भाकरी आणि ठेचा असा काही गोड लागायचा म्हणून सांगू!

बिया आणायची गेंदाअक्का. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यातली. जंगलातला माल ती चोपड्यात एका व्यापाऱ्याला विकायची. त्याच्याच दुकानात आमची ओळख झाली. पहिल्या खेपेला तिनं शेंगाच दिल्या. त्यांची कुसं माझ्या हातांना लागली आणि मी दोन दिवस खाजवून खाजवून रडले. तिला ते कळलं असावं. दुसऱ्या खेपेला पिशवी हातात देताना म्हणाली, "सात पानी काढेल शे, माय. तुले तरास नको."

त्यांच्याकडे हे बी खायचं तर सात वेळा उकळतात आणि दर वेळी पाणी फेकून देतात. मला ते माहीत होतं. पण बस सुटत होती, मी हो हो केलं — आणि विसरले.

त्या दुसऱ्या पिशवीतल्या बियांचा अर्क दिला, तर उंदीर हलेचनात. तीन आठवडे दांडीला तसेच चिकटलेले. मग एका सकाळी अक्काचं बोलणं आठवलं. औषध त्या फेकलेल्या पाण्यातच गेलं होतं. सर समोर उभे होते, चांगलेच तापलेले. तेव्हाच सांगता आलं असतं ना? चूक माझीच होती ना? मी म्हटलं — कसं सांगू — मी म्हटलं, "त्या बाईनं जुनं किडकं बी गळ्यात मारलं, सर."

सरांनी व्यापाऱ्याला चिठ्ठी धाडली. त्यानं अक्काचा माल घेणंच बंद केलं. डिंक, मोहाची फुलं, सगळंच.

पंधरा दिवसांनी ती धुळ्याला आली. एवढ्या लांब, एकटी. मी वरच्या खिडकीतून पाहिलं — कडुनिंबाखाली बसली होती, शेजारी पिशवी, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत खाजवून लाल झालेले. या वेळी कच्चं बी स्वतः सोलून आणलं होतं. मी शिपायाला म्हटलं, मॅडम गावी गेल्यात म्हणून सांग. आणि — हेच तोंडातून निघत नाही — पिशवी तेवढी ठेवून घे.

तिनं ठेवली.

कच्चं बी आणि सात पाण्यांचं बी, दोन्ही शेजारी ठेवून मी प्रयोग केला. उकळल्यानं गुण जातो, हे सिद्ध झालं. सर म्हणाले, "हे सुचलं कसं गं तुला?" मी हसले. माझ्या प्रबंधातलं तेच प्रकरण सगळ्यांनी वाखाणलं. ऋणनिर्देशात उंदरांना दाणा घालणाऱ्याचंही नाव आहे. तिचं नाही.

पुढं तीन वर्षं चोपड्याला आत्याकडे जाता-येता मी त्या दुकानावरून जायचे. व्यापारी गल्ल्यावर बसलेला असायचा, ओळखीनं मान हलवायचा. बाई खरी होती, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी पण मान हलवायचे आणि पुढं जायचे.