मामांचं घड्याळ आणि सरांचे आकडे

मामांचं वय सत्तावन्न आणि हुद्दा वॉर्डबॉय. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, मामांना स्वतःला त्यात काही विनोद दिसत नाही. अपघात विभागात तीस वर्षं स्ट्रेचर ढकलून त्यांचे खांदे पुढे आलेत, आणि गुडघ्यांनी कधीच हात टेकलेत. नवा डॉक्टर पहिल्या आठवड्यात त्यांना 'अहो' म्हणतो, दुसऱ्या आठवड्यात 'मामा' म्हणतो, आणि महिनाभरात ते दिसले की आधी घड्याळाकडे बघायला लागतो.

कारण मामांना उशीर खपत नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक वही असते. कोण किती वाजता आलं, उशीर झाला तर कारण काय सांगितलं, दिवसभरात आपण काय काय केलं, सगळं त्यात लिहिलेलं. कुणी लिहायला सांगितलं नव्हतं आणि कुणी वाचायला मागतही नव्हतं. एकदा मामींनी विचारलं, ह्या वह्यांचं करायचं काय? मामा म्हणाले, असू दे, लागतील कधीतरी. मामींनी कपाळाला हात लावला आणि भरलेल्या अकरा वह्या माळ्यावर टाकल्या.

विभागाचे मुख्य सर्जन म्हणजे सर. माणसाच्या पोटात कुठून रक्त वाहतंय हे सर नुसत्या हाताने चाचपून सांगत. असा सर्जन शोधून सापडायचा नाही, हे मामाही मान्य करत. पण सकाळच्या फेरीला हा देवमाणूस वेळेवर येईल तर शपथ! आणि कारण नेहमी एकच, टायर पंक्चर.

तर ह्या सरांनी दोन वर्षांपूर्वी संशोधन काढलं. जखमी माणूस दारातून आत आला की त्याला रक्त चढवेपर्यंत किती मिनिटं जातात, हा त्यांचा विषय. तोवर रक्त यायचं रक्तपेढीतून. रक्तपेढी पलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टचं काय सांगावं! आणणारे अर्थात मामा. सरांचं म्हणणं, रक्ताच्या पिशव्यांचा एक छोटा फ्रिज अपघाताच्या खोलीतच ठेवा. व्यवस्थापनाने नाक मुरडलं. शेवटी ठरलं असं, की फ्रिज एक वर्ष ठेवायचा, त्याआधीच्या वर्षाशी आकडे ताडून बघायचे, आणि फरक दिसला नाही तर फ्रिज उचलून नव्या इमारतीत न्यायचा.

फ्रिज आला त्या दिवशी वायरमनने वायर ओढायला भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं. ते परत लावायला स्टुलावर चढले मामा. घड्याळ आयतंच हातात आलेलं. मामांच्या मनात आलं, ह्या लोकांना वळण लावायची ही संधी सोडायची नाही. त्यांनी काटा सात मिनिटं पुढे सरकवला. दहा मिनिटं कुणाच्याही लक्षात आली असती, पाचाने कुणाला फरक पडला नसता, म्हणून सात.

आणि काय सांगू, सर सोडून बाकी लोक वेळेवर यायला लागले! त्या खोलीत मोबाइल किंवा मनगटी घड्याळ न्यायची बंदी होती, त्यामुळे सगळे भिंतीवरच विसंबून. एकदोघांना शंका आली, पण दवाखान्यातलं घड्याळ थोडं इकडेतिकडे असायचंच म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दर सोमवारी मामा बाहेर मोबाइलवर वेळ बघत, आत येऊन घड्याळ ताडत आणि वहीत लिहीत: घड्याळ बघितलं, सात पुढे, बरोबर आहे.

वर्ष सरलं. मंगळवारी मामा फायली द्यायला सरांच्या खोलीत गेले, तर सर डोकं धरून बसलेले. समोर चहा तसाच गार झालेला. सरांनी त्यांना आकडे सांगितले. फ्रिजच्या आधी सरासरी बावीस मिनिटं, फ्रिजनंतर एकवीस. दोन वर्षं राबून कमाई एक मिनिट. शुक्रवारी समितीची बैठक, आणि फ्रिज जाणार.

हे कसं शक्य आहे, मामांना कळेना. त्या जिन्यांवरून तेच तर पळत होते. जाऊन यायला आठ मिनिटं लागायची हे त्यांचे गुडघे शपथेवर सांगतील. ती आठ मिनिटं गेली कुठे? विचार करत ते अपघाताच्या खोलीत आले. सिस्टर नुकतंच एका पेशंटला रक्त लावून वर भिंतीकडे बघत होत्या आणि वेळ लिहीत होत्या. पेशंट आल्याची वेळ फाटकावरच्या कॉम्प्युटरमधून यायची, रक्त लावल्याची ह्या घड्याळावरून. मामांनी वर घड्याळाकडे बघितलं, त्यांनीच पुढे केलेली सात मिनिटं तिथे होती.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मामींनी खोदून खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. त्या म्हणाल्या, सरांना सांगून टाका आणि वही दाखवा. मामा घाबरून म्हणाले, वही नको, वहीत सरांबद्दल पण लिहिलंय.

"खोटं लिहिलंय का?" मामींनी विचारलं.

खोटं एक अक्षर नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

गुरुवारी सकाळी मामा सरांसमोर जाऊन उभे राहिले आणि एका दमात बोलून मोकळे झाले. आता नोकरी जाते की काय, ह्या तयारीनेच ते आले होते. सरांनी आकड्यांचा कागद पुढे ओढला. मग रागवायचं सोडून त्यांनी विचारलं ते भलतंच.

"सात कशावरून? सहा असतील, नऊ असतील. पुरावा काय?"

मामांनी डोळे मिटून वही पुढे केली. सर पानं उलटायला लागले. एकही सोमवार चुकलेला नव्हता. मधेच एका पानावर ते थांबले. तिथे लिहिलं होतं: सर, सतरा मिनिटं उशीर. कारण टायर. ह्या महिन्यातला तिसरा. गाडीला टायर आहेत तरी किती? सरांचे कान लाल झाले. त्यांनी पान उलटलं आणि शांतपणे विचारलं, ह्याच्या आधीच्या वर्षाची वही आहे का? मामा म्हणाले, माळ्यावर.

शुक्रवारी बैठकीत मामांना दाराशी उभं केलं होतं. सरांनी उभं राहून सांगितलं की घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, ते तपासायचं काम माझं होतं आणि मी तपासलं नाही. खरा आकडा एकवीस नसून चौदा. समितीतल्या अधीक्षक बाईंचा विश्वास बसेना. ऐन वेळी बरं सापडलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. त्यांनी दोन्ही वह्या मागून घेतल्या. टायरच्या पानावर त्यांना हसू आवरेना. पुढे जुनी वही उघडली, आणि त्या हसायच्या थांबल्या.

त्यांनी मोठ्याने वाचलं, "रक्त घेऊन आलो. सिस्टर म्हणाल्या, राहू दे. पिशवी परत नेऊन ठेवली." चार पानांनी पुन्हा तेच. पुढे पुन्हा. हे काय आहे, त्यांनी विचारलं.

मामा चाचरत म्हणाले, "काही वेळा मी पोचायच्या आत माणूस गेलेला असायचा, बाई. मग पिशवी परत ठेवायची, दुसऱ्या कुणाला लागते. परत जाताना घाई नसायची."

बाईंनी बोटांवर मोजलं. फ्रिजच्या आधीच्या वर्षात नऊ वेळा. फ्रिज आल्यावर? मामा म्हणाले, रक्ताआधी गेलेले दोनच. पण ती माणसं दारातच गेली होती, त्यांच्यासाठी फ्रिज उघडलाच नाही.

"हा आकडा माझ्याकडे नव्हता. ज्यांना रक्त चढलं त्यांचीच मिनिटं मी मोजली," सर म्हणाले, आणि खाली बसले.

फ्रिज राहिला. मामांना समज म्हणून एक लेखी पत्र मिळालं. ते मामींनी वाचलं आणि माळ्यावर वह्यांशेजारी ठेवलं. घड्याळ नीट करायला स्टुलावर सर स्वतः चढले, मामांनी स्टूल धरलं.

सोमवारी फेरीला सर बारा मिनिटं उशिरा आले. जुन्या वह्या समितीकडे होत्या, म्हणून मामांनी नवी कोरी वही काढली होती. सर आत येता येता दारात थबकले, त्यांनी वहीकडे बघितलं, मग मामांकडे.

"लिहा," ते म्हणाले. "कारण काही नाही."

मामांनी तसंच लिहिलं आणि स्ट्रेचर घ्यायला गेले.