गाड्यांवर जगणारा दिवा

आमची आत्या रस्तेदुरुस्तीच्या टोळीची मुकादम. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, जितके मऊ तितकी ही कडक. तिच्या ताज्या डांबरावर कोणी सायकल घातली, की ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करूनच थांबते.

मध्यंतरी शाळेजवळच्या अंधाऱ्या वळणावर काकांना एका गाडीने उडवलं. पाय बरा झाला, पण धीर गेला. काठी घेऊन रस्त्यापर्यंत जायचे आणि तसेच परत फिरायचे. आत्याने तिथे दिवा मागितला, तर तिथवर तार ओढणं जमत नाही असं उत्तर आलं. मग एका इंजिनियर बाईंनी तिला, दाब पडला की वीज देणाऱ्या चकत्यांबद्दल सांगितलं आणि आमच्या घरात स्वयंपाक होणं मुश्किल झालं. गॅसचा लायटर कायम आत्याच्या हातात!

"बघ, बघ! आत सेल नाही, काही नाही. खटका दाबला की ठिणगी! आता लायटरच्या जागी रस्ता धर आणि बोटाच्या जागी ट्रक!"

त्या खटखटीने मला वेड लागायची वेळ आली होती.

चकत्या बसवलेल्या पट्ट्या तिने आपल्याच टोळीकडून डांबराखाली घातल्या आणि कडेला वीज साठवणाऱ्या छोट्या बॅटरीसकट दिव्याचा खांब उभा केला. चाचणीची संध्याकाळ ठरली. दिवा लागला तर राहील, नाही तर सगळं उखडून नेऊ, असं तिच्या साहेबांनी बजावलं होतं.

आम्ही अख्खं घर तिथे हजर. रस्ता कसा लख्ख झाडलेला! अंधारून आलं, बाईंनी कळ दाबली. दिवा ढिम्म. बाईंनी सगळ्या जोडण्या तपासल्या, सगळं ठीक. पुन्हा कळ दाबली, पुन्हा ढिम्म. आत्याचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

आणि आमचे काका? ते चक्क रस्त्याच्या मधोमध उभे!

"अगं, आज इथे किती निवांत आहे! सकाळपासून एक गाडी नाही. रोज असंच असतं तर मी घाबरलो असतो का?"

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. नव्या कामावर कोणी ओरखडा काढू नये, म्हणून सकाळी दोन्ही टोकांना अडथळे तिनेच लावले होते! चाकंच नाहीत तर दाब कुठला आणि वीज कुठली?

"अहो, बाजूला व्हा! दिवा उपाशी आहे माझा!"

काका घाईघाईने पलीकडे सरकले. टोळीने अडथळे ओढले आणि वाहतूक सुटली. बस, टेम्पो, स्कूटर! आत्या कडेला उभी राहून पाहुण्यांना बोलवावं तशी ट्रकना बोलवत होती. "या, या! भरलेला पुढे घ्या!" मीसुद्धा दोन्ही हात हलवत ओरडत होते. बाईंनी पुन्हा कळ दाबली. दिवा आधी जरासा मिणमिणला, आणि मग लागला की हो! लख्ख लागला! मी आनंदाने बाईंना मिठीच मारली.

पण काका पलीकडेच राहिले होते. मधून गाड्या धडधडत होत्या. आत्या त्यांना आणायला निघाली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं. मग ते दिव्याच्या उजेडात आले आणि त्यांनी काठी वर केली. ड्रायव्हरला ते दिसले. बस थांबली. तिच्यामागे ट्रक थांबला. काकांनी पाऊल टाकलं.

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि तोंडाने ती ओरडत होती, "भरभर या हो! गाड्या थांबल्यात, दिव्याचं जेवण थांबलंय!"

काका हसले, आणि मुद्दाम आणखी सावकाश चालायला लागले.