माहेरचा लाल कांदा

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत बसून ते म्हाताऱ्या माणसांसाठी दातांच्या कवळ्या बनवायचे. काम नाजूक, गिऱ्हाईक किरकिरं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्यांचा स्वभावही थोडा किरकिरा झालेला असायचा.

त्यांची बायको मोठ्या आजारातून उठली, पण जेवणावरची वासना उडाली ती उडालीच. काय खावंसं वाटतं, असं विचारून कवळीवाले थकले. तेव्हा ती म्हणाली, माहेरच्या परसातला लाल कांदा मिळाला तर खाईन. तो इतका गोड असायचा की आम्ही बहिणी फळासारखा खायचो. कवळीवाल्यांनी बाजार पालथा घातला. ती एक फोड चावायची, हा तो नव्हे म्हणायची आणि ताट सरकवायची. शेवटी घरामागे, धुण्याचा दगड आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या जागेत आपणच तो पिकवायचा, असं त्यांनी ठरवलं.

पहिल्या खेपेला त्यांनी शेणखत सढळ हाताने घातलं. पात गुडघ्यापर्यंत माजली आणि खाली बोटाएवढ्या गाठी. दुसऱ्या खेपेला रोपं लवकर लावली, मध्येच कडाक्याची थंडी पडली आणि वाफाभर डेंगळे आले. कांदा पोसायचा सोडून फुलांचे दांडेच वर निघाले. कुंपणापलीकडचा गवंडी म्हणाला, "तुमच्याकडे दात ढीगभर, चणे तेवढे नाहीत." कवळीवाल्यांना ते झोंबलं. तरी त्याचाच सल्ला त्यांनी ऐकला. माती घट्ट आहे, कवळीच्या साच्यांचं टाकाऊ प्लास्टर कुटून मिसळा, भुसभुशीत होईल, असं तो म्हणाला होता.

या वेळी कांदे गोल, लालभडक, बघत राहावेत असे आले. बायकोने पहिली फोड तोंडात घातली आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. कवळीवाले एक कांदा खिशात घालून तडक रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेले. वाफ्यात काय काय घातलं ते ऐकून त्या म्हणाल्या, प्लास्टरमध्ये गंधक असतं, कांद्याचा तिखटपणा त्यानेच वाढतो. आणि तुम्ही पाणीही तोडून तोडून दिलंत. कवळीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी वाफ्यातली माती टोपल्यांनी उपसली, दुसरी आणून भरली, आणि त्यात कंबर धरली ती वेगळीच. गवंड्याशी तर त्यांनी बोलणंच टाकलं.

पुढच्या हंगामात मात्र सगळं जमलं. बाईंनी दिलेलं वाण, बेताचं खत, वेळेवर पाणी. कवळीवाल्यांनी स्वतः कांदा चाखला. तिखटपणा नावालाही नव्हता. त्यांनी मुद्दाम मेहुणीला जेवायला बोलावलं. बायकोने फोड चावली, थोडा विचार केला आणि हळूच म्हणाली, "चांगला आहे हो. पण तो नव्हे."

मेहुणीने हातातला घास खाली ठेवला. "अगं, आईचा कांदा कुठला गोड? चांगला झणझणीत होता. आई तो चिरून पाण्यात ठेवायची. आणि तू नाक मुरडायचीस म्हणून तुझ्या वाटच्यावर साखर भुरभुरायची."

कवळीवाले ताटावरून उठले. पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी मशीन सुरू केलं आणि रागाच्या भरात एक तयार कवळी इतकी घासली की ती कुणाच्याच तोंडात बसली नसती. त्यामुळे आणखी वैताग.

थोड्या वेळाने बायको दारात आली. या खोलीत ती सहसा पाऊल टाकत नसे.

"मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"माझी कंबर मोडली त्या कांद्यापायी."

"मी खोटं नाही बोलले. मला तो गोडच लागायचा."

मशीन नुसतंच फिरत राहिलं. मग तिने घाबरत घाबरत विचारलं, की थोडी साखर टाकून बघू का.

"एवढ्या मेहनतीच्या कांद्यावर साखर? माझ्यादेखत नको."

ती आत गेली. कवळीवाल्यांनी मशीन बंद केलं. स्वयंपाकघरात साखरेचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग दोघी बहिणींचं हसू, आणि नंतर बराच वेळ कांदा चावल्याचा कुरकुर आवाज. ती खात होती. कवळीवाले वाया गेलेल्या कवळीकडे बघत चरफडत बसले. आत मात्र गेले नाहीत.