निवृत्तीनंतरचा पत्ता

आमचे मालक यंदा मे महिन्यात रिटायर झाले. अठ्ठावन्न पुरी झाली, नियमानं झाले. त्यांना जाऊन चोवीस वर्षं झालीत, ही गोष्ट वेगळी. सरकारला त्यात काही अडचण वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कधी वाटली नव्हती.

नीट सांगते, नाहीतर म्हातारी भ्रमली म्हणाल. पोलीस कामावर असताना दरोडेखोरांच्या हातून मेला, तर त्याचा पगार थांबत नाही. तो अठ्ठावन्नचा झाला असता तोवर घरच्यांना मिळत राहतो. त्याच्या बरोबरच्यांना बढती मिळाली की कागदावर त्यालाही मिळते. पोलीस लाईनीतली खोलीसुद्धा तोवर घरच्यांकडंच. मग एक दिवस कागदावरचा माणूस म्हातारा होतो. पगार बंद, पेन्शन सुरू आणि खोली खाली.

ते पत्र मार्चात आलं. निवृत्तीची तारीख, खोली सोडायची मुदत, आणि सोबत एक फॉर्म. फॉर्मात एक रकाना होता: निवृत्तीनंतरचा पत्ता. बाकी सगळा फॉर्म मी एका बैठकीत भरला. सातवी पास आहे, अक्षर बरं आहे. तेवढा एक रकाना मात्र महिनाभर कोरा राहिला. भोरच्या लाईनीतली आमची खोली जाणार हे नक्की होतं. मग मी कुठं जाणार, ते तिथं लिहायचं होतं.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, माझा पत्ता टाक. त्यात विचार कसला करायचा?"

विचार मी करत नव्हते. एक अठ्ठावीस वर्षांची बया करत होती. तिची ओळख करून देते.

ही बया म्हणजे मीच, चोवीस वर्षांपूर्वीची. विंझरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमचं सासरचं गाव. तिथून लग्नानंतर ती भोरच्या लाईनीत आली. तोरा पायलीभर, अक्कल चिपटंभर. नवरा पोलीस आहे म्हणजे आपणही निम्म्या पोलीस आहोत अशी समजूत. भाजीवालीशी बोलतानासुद्धा जबाब घेतल्यासारखी बोलायची.

मालक शिवऱ्याच्या अलीकडं हायवेवर नाकाबंदीला उभे होते. दरोडा टाकून पळणाऱ्यांनी गाडी सरळ त्यांच्या अंगावर घातली. मी सकाळी त्यांच्यासाठी पोहे भिजवून ठेवले होते, ते तसेच भिजून लगदा झाले. मुलगा आठ वर्षांचा होता. पुढचं मी लिहीत नाही. आठवतंय, पण लिहीत नाही.

तेराव्यानंतर एक साहेब घरी आले. खोलीत खुर्ची नव्हती, ते ट्रंकेवरच बसले. फार चांगला माणूस. पगार, बढती, खोली, सगळं समजावलं, आणि शेवटी धीर द्यायला म्हणाले, "ताई, सरकारच्या लेखी ते कामावरच आहेत असं समजा."

त्या बयेनं बाकीचं सगळं सोडलं आणि तेवढंच वाक्य उचललं.

सासूबाई न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "चल गावाला. हितं कोण हाय तुजं?"

"आत्याबाई, त्यांची ड्युटी चालू हाय. ड्युटी चालू असताना खोली सोडता येत न्हाई."

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. "आगं, पर त्यो कुठं हाय ड्युटीवर?"

"कागदावर हाय."

त्यांनी पिशवी उचलली. दुपारच्या एस.टी.नं एकट्याच परत गेल्या. मी खिडकीतून त्यांची पाठ बघितली आणि मनात म्हटलं, जिंकले. आता वाटतं, त्या दिवशी कुणीतरी माझ्या दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. पण विधवेच्या थोबाडीत कोण देणार? लोक विधवेचं सगळं ऐकून घेतात, आणि तिथंच तिचं वाटोळं होतं.

तीन वर्षांनी पत्र आलं: मालक शिपायाचे नाईक झाले. आता इथं लाईनीतली एक रीत सांगायला हवी. पाणी सकाळी तासभर यायचं आणि सगळ्या लाईनीला नळ दोन. नळावर नंबर लागायचा तो नवऱ्याच्या हुद्द्यानं. आधी फौजदारीणबाई, मग हवालदारीणबाया, मग नाईकांच्या, आणि उरल्यासुरल्या धारेखाली शिपायांच्या बायका. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण त्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही.

त्या बयेनं काय केलं असेल? बाजारातून अर्धा किलो पेढे आणले आणि लाईनीत घरोघर वाटले. मेलेल्या नवऱ्याच्या बढतीचे पेढे! पहिल्याच दारात हवालदारीणबाईंनी विचारलं, "कशाचे गं?"

"मालक नाईक झाले."

त्यांनी पेढा घेतला. खाल्लाही नाही, खाली ठेवलाही नाही. तळहातावर धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, जळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंडा उचलला आणि शिपायांच्या बायकांच्या पुढं नेऊन ठेवला. शेजारची एक होती, तिचं नि माझं रोज वाजायचं. हंड्यावरून, धुण्यावरून, पोरांवरून. माझ्या सात पिढ्या तिला पाठ होत्या नि तिच्या मला. मी कंबर कसूनच गेले होते. म्हटलं, आता ही म्हणणार, "ए, कुठं घुसतीस?", मग मी पत्र काढून दाखवणार. पत्र खरंच कमरेला खोचलं होतं.

ती हळूच बाकीच्यांना म्हणाली, "जाऊ द्या गं तिला."

सगळे हंडे मागं सरकले. मी पाणी भरलं आणि राणीसारखी मिरवत घरी आले. त्या दिवसापासून माझ्याशी नळावर कुणी भांडलं नाही. मी गेले की जागा व्हायची. मी गेले की बोलणं थांबायचं. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाची बदली कुठं झाली, हे सगळं नळावरच कळायचं. ते कळायचं बंद झालं. मला पहिली धार मिळाली, आणि त्या धारेखाली हंडा भरायचा आवाज तेवढा ऐकायला मिळाला. पुढं मालक हवालदार झाले, मग सहायक फौजदार झाले. पेढे मी परत आणले नाहीत.

पोलिसांच्या बदल्या होतात. दोन-तीन वर्षांत खोल्या रिकाम्या व्हायच्या, नवीन बिऱ्हाडं यायची. मी तेवढी कायमची. हळूहळू मला ओळखणारं कुणी राहिलं नाही. नव्या पोरी मावशी म्हणायच्या. एकीनं हौसेनं विचारलं, "मावशी, काका कुठल्या ठाण्याला?"

"नाकाबंदीला हायत."

"एवढ्या उन्हात?"

"लई कडक माणूस."

मला अशी गंमत करायची खोड आहे, जात नाही. तिला खरं कळलं, तेव्हा ती बिचारी महिनाभर माझ्या दारावरून मान खाली घालून जात राहिली. गंमत मीच केली होती, पण हसायला दुसरं माणूस राहिलं नाही.

दर वर्षी एक दाखला द्यावा लागायचा: मी जिवंत आहे आणि मी पुन्हा लग्न केलेलं नाही. कचेरीतले कारकून खाली मान घालून विचारायचे, "बाई, या वर्षीही नाही ना?"

"तुमी बघितलाय का कुणी? दाखवा तरी."

त्यांचे कान लाल व्हायचे. मी हसत बाहेर यायची आणि कचेरीच्या पायरीवर जरा वेळ बसायची. मला काय हवं-नको, असला प्रश्न वर्षातून तेवढा एकदाच कुणीतरी विचारायचं.

मुलगा अठराचा झाला तेव्हा बापाच्या जागी त्याला नोकरी मिळत होती. मी अर्जच केला नाही. नाकाबंदीला उभं करायला दुसरा माणूस मी देणार नव्हते. तेवढ्या एका बाबतीत त्या बयेला मी मानते. तो शिकला, पुण्यात कंपनीत लागला, लग्न केलं. नात पाच वर्षांची आहे, माझ्यासारखीच खोडकर. त्याचा फ्लॅट चांगला आहे. माझ्यासाठी खोली आहे. पण सकाळी नऊला तिघं तीन दिशांना जातात, आणि मी नवव्या मजल्यावरून खाली पार्किंगमधल्या गाड्या मोजते. आणि तिथं जायचं म्हणजे हायवेनं जायचं, वाटेत शिवरं लागतं. मी गाडीत नेहमी खिडकी सोडून आतल्या अंगाला बसते.

तर तो रकाना कोरा होता. त्याच सुमारास आमच्या लाईनीत एक खरेखुरे फौजदार रिटायर होत होते. त्यांची बायको दारात बसून भांडी पोत्यात भरत होती. मी म्हटलं, "चला, सुटलात."

"कसली सुटले, बाई! आता हे चोवीस तास घरात. भाजीत मीठ किती, पंखा किती नंबरवर, नुसतं डोकं खाणार."

"खाऊ द्या की," म्हटलं मी आणि घरात आले. हातात फॉर्म घेतला आणि तसाच धरून बसले.

रिटायर झालेला माणूस घरी येतो. एवढी साधी गोष्ट. मी त्या अठ्ठावीस वर्षांच्या बयेला इतकी वर्षं हसत होते, नातीला तिच्या फजित्या सांगत होते, आणि ती बया माझ्याच खोलीत, माझ्याच अंथरुणावर, बिनभाड्यानं राहत होती. ड्युटीवर गेलेल्या माणसाचं घर हलवायचं नसतं, असं तिनं मनाशी धरलं होतं. म्हणून सासूला एकटीला परत पाठवलं. म्हणून मुलाकडं चार दिवसांवर राहिले नाही. आता ड्युटी संपली. आता त्यांनी यायचं कुठं, हा तिला प्रश्न पडला होता. बावन्न वर्षांच्या बाईच्या तोंडून हे बाहेर पडलं असतं तर लोकांनी दवाखान्यात नेलं असतं. मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं चेलाडी फाट्याला उतरले, वेल्ह्याची गाडी धरली आणि विंझरच्या पुढं गावात गेले. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. दीर आणि जाऊ असतात. आमच्या वाटणीच्या दोन खोल्यांत पेंढा भरलेला होता.

"वैनी, पावसाच्या आधी कौलं फिरवून देतो," दीर म्हणाला.

"ह्यांचं 'देतो' लई ऐकलंय म्या," जाऊ म्हणाली. "तुमी या. पेंढा मी काढते."

मी दोन्ही खोल्या फिरून बघितल्या. भिंतीला पोपडे, मोरीत विंचू. मालकांचा जन्म ह्याच आतल्या खोलीतला. पुण्याचा फ्लॅट त्यांनी बघितलेलाच नाही. नववा मजला, लिफ्ट, खाली वॉचमन. तो वहीत नाव लिहिल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही.

परत येताना एस.टी.तच फॉर्म मांडीवर घेतला आणि गावचा पत्ता लिहिला. गाडी हलत होती, अक्षर वाईट आलं.

मुलगा चिडला. "आई, तिथं रेंजसुद्धा नाही!"

"मला फोन करणारा तू एकटाच. तू सुट्टीला ये, म्हणजे रेंज लागणार नाही."

"पण तिथंच का?"

"हवा चांगली आहे," म्हटलं. खरं कारण सांगितलं असतं तर तो रडला असता, आणि मग मला त्याच्याकडं जावं लागलं असतं.

जूनमध्ये सामान टेम्पोत चढलं. खोलीचा ताबा घ्यायला आलेल्या माणसानं पंखा, नळ, खिडकीच्या काचा बघितल्या आणि कागद पुढं केला. मी सही केली. त्यानं विचारलं, "घरात आणखी कुणाचं काही राहिलंय का?" मी सगळीकडं बघून नाही म्हटलं.

गावाला येऊन महिना झाला तेव्हाची गोष्ट. भाताची लावणी चालली होती. मी मागल्या दारी भांडी घासत होते. दीर खाचरातून विळा न्यायला आला होता. पुढल्या अंगणातून त्याची हाक आली.

"वैनी, दादाचं पत्र आलंय!"

मी तांब्या टाकला आणि पळाले. राखेचे हात, पायात काही नाही, चिखलातून घसरत. वय काय, करतेय काय. अंगणात दीर लिफाफा हातात धरून उभा होता. चिखलाच्या बोटांनी पत्र माखू नये म्हणून त्यानं ते दोन बोटांत लांब धरलं होतं.

पेन्शनचा कागद होता. चोवीस वर्षं पगाराच्या कागदावर त्यांचं नाव साधं यायचं, नुसतं नाव आणि हुद्दा. ह्या कागदावर नावाच्या आधी पहिल्यांदा 'कै.' लावलेलं होतं. मी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"काय म्हणतंय?" दिरानं विचारलं.

"पत्ता बरोबर हाय म्हणतंय."

"मग बरं," म्हणून तो विळा घेऊन परत गेला. जाऊ खाचरातच होती. मी कागद पदरानं पुसला, घडी घातली आणि बराच वेळ अंगणात उभी राहिले. आत जायला तसं काही कारण नव्हतं.