कमर्शियलला जायचं की नाही

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि त्या मे महिन्यात मला वारांचंसुद्धा भान उरलं नाही. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहायचो. वडील तिथल्याच एका कारखान्यात ऑफिसर होते. दुपारी घर निजलं की मी वही घेऊन मागच्या ओट्यावर बसायचे आणि समोरची चिंच काढायचे. झाड एकच, पण चारची चिंच दोनच्या चिंचेसारखी कधीच नसायची. एका चित्राला पंधरा-पंधरा दिवस लागायचे. ते पुरं व्हावं असं वाटायचंच नाही. त्यात नुसतं असायला बरं वाटायचं.

शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी वडिलांना गाठून सांगितलं, "मुलीला मुंबईला कलाशाळेत घाला. कमर्शियल आर्टला. घासून घेतात, पण बाहेर पडल्यावर नोकरीची ददात नाही."

वडील स्वतः जाऊन चौकशी करून आले. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "सकाळी गेलीस की दिवसभर उभं राहून काम. दर आठवड्याला चित्रं द्यायची. एक दिवस उशीर झाला तर हातात घेत नाहीत. पुष्कळ मुलं मधेच सोडतात म्हणे. तुला झेपेल?"

आई म्हणाली, "झेपेल का ते नंतर. आवडेल का ते विचारा आधी."



वडिलांच्या ओळखीतल्या एकांची मुलगी तिथे तिसऱ्या वर्षाला होती. बदलापूरला, बेलवलीत तिचं घर. सुट्टीत ही ताई घरी आलेली होती. वडील म्हणाले, "तिला विचार. मास्तरांचं ऐकू नकोस आणि माझंही नको." दुसऱ्या दिवशी तेच मला तिच्या दारापर्यंत सोडून आले.

मी गेले तेव्हा ती खिडकीपाशी टेबलावर वाकून केशतेलाच्या बाटलीचं लेबल करत होती. बोटं शाईनं निळी झालेली. सुट्टी असूनही!

"हे सहाव्यांदा करतेय," ती मान वर न करता म्हणाली. "'ते'ची मात्रा पडल्यासारखी दिसतेय ना?"

मला काहीच पडलेलं दिसत नव्हतं.

मी माझी वही पुढे केली. तिनं चिंचेचं चित्र बराच वेळ पाहिलं. "किती दिवस लागले?"

"सतरा."

ती हसली नाही. वही मिटून म्हणाली, "चल, नदीवर जाऊ."

उन्हं कलली होती. उल्हास नदी पार आटलेली, धोंड्यांमधून वाहणारी. पाण्यावरचा उजेड इतका हलत होता, की पलीकडचा काठ तरंगतोय असं वाटावं. बारवीकडच्या पाड्यांवरच्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन पाणी ओलांडत होत्या. एक मागे राहिली होती. तिनं नुकताच पाण्यात पाय घातला होता.

"ती या काठाला लागेपर्यंत तिला काढ," ताई म्हणाली आणि तिनंही कागद घेतला.

मी मोळीपासून सुरुवात केली. काटक्या, त्यांची बांधणी, सावली. मान वर केली तर ती बाई आमच्या शेजारून ओल्या पायांनी चालत निघूनही गेली होती. माझ्या कागदावर नुसती मोळी होती, खाली कोणीच नाही.

ताईच्या कागदावर सहा-सात रेषा होत्या. पण मानेवरचं ओझं, एक पाय धोंडा चाचपतोय, सगळं त्यात होतं.

"हे तिथे शिकलीस?"

"तिथेच." मग म्हणाली, "पण खरं सांगू? स्वतःसाठी म्हणून शेवटचं कधी काढलं ते आठवत नाही. तू चिंच काढतेस तसं मला आता बसवत नाही. उठून कामाला लागावंसं वाटतं."

"मग मी येऊ की नको?"

"ते मी कसं सांगू, बाई?" तिनं तो कागद मला देऊन टाकला.

पुढचे आठ दिवस मी ओट्यावर बसले, पण चिंच काढली नाही. डोळे मिटले की ती बाई पाणी ओलांडून यायची आणि निघून जायची. आपल्याला ती धरता आली नाही, याचीच टोचणी लागली होती. नवव्या दिवशी मी वडिलांना म्हटलं, "जाते मी." आई म्हणाली, "आणि नाही आवडलं तर परत ये. दार उघडंच आहे."

नाहीच आवडलं, पहिलं वर्षभर. अक्षरलेखनाच्या तासाला एक अख्खा महिना मी नुसता 'ळ' काढत होते. दोनदा सोडायचं ठरवलं. ताई म्हणाली होती तसंच झालं, पंधरा दिवस एका झाडापाशी बसणं गेलं ते गेलंच. त्याचं वाईट वाटतं, अजूनही. पण हात चालू लागला. रस्त्यानं जाणारं माणूस वळणावर दिसेनासं व्हायच्या आत कागदावर यायला लागलं, आणि त्या सुखाची मला आधी कल्पना नव्हती.

शेवटच्या वर्षी उल्हासनगरच्या कँपातल्या एका सिंधी बाईंनी पापडाच्या पुड्यासाठी लेबल करून मागितलं. बराकीतल्या एका खोलीत त्या पापड लाटायच्या. म्हणाल्या, "बेटी, देखते ही कुरकुर सुनाई देनी चाहिए."

मी एका दुपारात करून दिलं. त्यांनी ते हात लांब करून पाहिलं, खळ आणली आणि सरळ बराकीच्या दारावर चिकटवून टाकलं. जाणारे-येणारे बघून जात होते. मीही समोर उन्हात उभी राहिले.

"अब क्या देखती है? हो गया ना?" त्यांनी विचारलं.

"हो गया," मी म्हटलं, पण चिंचेपाशी बसायचे तशी बराच वेळ तिथून हलले नाही.